रोग पाण्याला, रंग मला

मित्रांनो, मी तळ्याचं पाणी तपासणारी एक जुनी तबकडी आहे. ताटलीएवढी, अर्धी काळी, अर्धी पांढरी. मला घडवणाऱ्या पत्रेवाल्याने तर डोकंच खाजवलं होतं, "बुडवायलाच करायची, तर रंग कशाला?" पण नावाडीकाका मला दोराने पाण्यात सोडतात आणि मी दिसेनाशी झाले की दोराच्या गाठी मोजतात. मी जितकी खोल जाऊन हरवेन, तितकं पाणी नितळ. हेच पाणी गावच्या नळांना जातं, म्हणून माझा रुबाब मोठा.

पहिली वर्षं मजेत गेली. मग एका उन्हाळ्यात मी हातभर गेले नाही तोच गायब! काकांना वाटलं, माझा रंग उडाला. त्यांनी मला घासूनपुसून रंगवलं. पुन्हा तेच. रंगाचा आणखी एक हात मारला. रोग पाण्याला आणि रंग मला! असा राग आला म्हणून सांगू. तोवर पाणी हिरवंगार, दाट झालं आणि मासे वर येऊन धापा टाकू लागले. पाणी तपासणाऱ्या बाईंनी स्पष्टच सांगितलं, "असंच राहिलं तर गावाला हे पाणी देता येणार नाही." काका लगेच काठाकाठाने बघत निघाले.

काठावरच्या बागेची माळीण म्हणजे काकांची वहिनी. मोठी हौशी. हिरवळीला खत घालताना तिचा हात सढळ, वर पाइपने पाणी.

"कशी दिसते हिरवळ, भावोजी?"

"छान. तळ्यातसुद्धा उगवलीय."

ती हसली. मग बागेतून तळ्याकडे निघालेला ओघळ तिला दिसला. "म्हणजे मी वाढतेय गवताला आणि गिळतंय शेवाळ?"

खताचं पोतं त्याच दिवशी बंद झालं. ओघळ अडवायला तिने काठाने दाट लव्हाळे लावले. मित्रांनो, पाणी नासायला एक उन्हाळा पुरला. निवळायला किती लागले ते विचारू नका. म्हणून सांगते, झाडाला खत घालताना त्याची भूक बघा, आपली हौस नको.

काल काकांनी मला पुन्हा सोडलं. मी खाली गेले, आणखी खाली गेले. हिरव्या पाण्यात हातभर दोर पुरायचा, म्हणून काकांनी मधे माझा बराचसा दोर कापून होडी बांधायला वापरला होता. उरलेला संपला, तरी मी त्यांना लख्ख दिसत होते. ते कितीतरी वेळ वाकून बघत राहिले. मग काठाकडे वळून म्हणाले, "वहिनी, दोर आणा. चांगला लांब आणा."