राहिलेला काना

दूध केंद्राच्या ओट्यावर तिनं बरणी आपटली. झाकण उडालं, तिकडं बघितलंसुद्धा नाही. राग येणार नाही तर काय होणार? केंद्रात दूध मोजून वहीत लिहायची एक जागा निघाली होती, आणि ती अध्यक्षांच्या भाच्याला मिळाल्याचं कालच गावभर झालं होतं. सकाळी धार काढताना बाप म्हणाला, सोड आता तो नाद. नाद म्हणे! भाषा विषय घेऊन पोरगी एम.ए. झाली, तीही पहिल्या वर्गात, आणि तीन वर्षं शेण काढतेय. जिथं जाईल तिथं एकच प्रश्न: भाषा तर आम्हालाही येते, तू त्यात शिकलीस काय? मुलाखतीत अध्यक्षांनी तेच विचारलं आणि वर म्हणाले, "आपल्याला काय म्हशींना व्याकरण शिकवायचंय?" समितीतली सगळी माणसं पोट धरून हसली. ती गप्प बसली, कारण जागा हवी होती. ते गप्प बसणं तिला अजून आतून जाळत होतं.

निवडलेला अर्ज फळ्यावर लावायचा, असा केंद्राचा नियम. भाचा दूध मोजत होता, रांग पुढं सरकत होती. ती उगाच वाचायला लागली आणि पहिल्याच ओळीला थबकली. वाक्य तिचं होतं. दुसरंही तिचंच. एम.ए.ची ओळ तेवढी गाळून पठ्ठ्यानं तिचा अख्खा अर्ज उतरवून काढला होता. आणि मामानं दिल्याशिवाय तो त्याच्या हातात पडणार कसा?

मग तिनं वाचलं ते मोठ्यानं, रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं.

"मी याच गावात जन्मले, इथंच वाढले. लहानपणापासून रोज केंद्रावर दूध घेऊन येते. अक्षर नीट काढते आणि दिलेलं काम मन लावून करते."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. भाच्याच्या मिशीकडं बघत दुसऱ्यानं विचारलं, "काय गं बाई, लग्न कधी ठरलं?" मग मात्र हशाला धरबंध राहिला नाही.

आवाज ऐकून अध्यक्ष आतून आले. अर्ज ओढून वाचला, कान लाल झाले. पण माणूस निगरगट्ट. खिशातलं पेन काढून त्यांनी तिच्यासमोर धरलं.

"घाईत काना द्यायचा राहिला असेल गं. येतेचं येतो, करतेचं करतो. तू शिकलेली आहेस, दे सगळीकडं काना आणि विषय संपव."

तिनं पेन घेतलं. कागद ओट्यावर ठेवून क्रियापदं मोजली, सतरा निघाली. एकालाही तिनं हात लावला नाही. तळाशी भाच्याचं नाव होतं, त्यावर आडवी रेघ मारली आणि शेजारी आपलं लिहिलं.

"केली दुरुस्ती, काका. आता वाचा, व्याकरणाची एकही चूक नाही."

अध्यक्षांनी रांगेकडं पाहिलं. समितीतले दोघं रांगेतच उभे होते, तेही आता खाली मान घालून हसत होते.

मागं दुसरी बरणी घेऊन उभा असलेला बाप पुढं आला. त्यानं भाच्यासमोरची वही उचलली आणि लेकीच्या पुढ्यात ठेवली.

"साडेचार लिटर," तो म्हणाला. "लिही."