वहिनींचा अर्ज

प्रयोगशाळेत तिला सगळे वहिनी म्हणत. तिचा नवरा त्याच खोलीत, शेजारच्याच टेबलावर बसायचा. त्याला सगळे सर म्हणत. दोघांची पदवी एक, हुद्दा एक, नोकरीची वर्षंही तेवढीच. तरी तो सर आणि ही वहिनी. नऊ वर्षांत कुणाला यात काही वावगं वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिलाही नाही.

त्या सोमवारी ती नेहमीसारखी अर्ज भरायला बसली. शहराबाहेरच्या गोल इमारतीत एक प्रचंड क्ष-किरण यंत्र आहे. ते कुणा एकाचं नाही. वर्षातून दोनदा अर्ज मागवतात, एक समिती ते वाचते आणि पसंत पडतील त्यांना यंत्रावर मोजके दिवस देते. एका प्रयोगशाळेचा एकच अर्ज. तिचं काम जुन्या पाण्याच्या नळांवर होतं. नळाच्या आत जो थर साचतो, त्यातलं शिसं पिण्याच्या पाण्यात कसं उतरतं, हे त्या यंत्राशिवाय दिसत नाही. प्रश्न तिचा, नमुने तिचे, अर्जातली ओळ न् ओळ तिची. ‘मुख्य अर्जदार’ या रकान्यात मात्र आजवरच्या तिन्ही अर्जांत नवऱ्याचं नाव. यंत्रावर जायचाही तोच. ही घरी भाजी ढवळता ढवळता फोनवरून त्याला पुढचं बटण सांगायची.

अर्जाला मागच्या खेपेचा अहवाल जोडायचा होता. तो नवऱ्यानं लिहिला होता. तिनं सहज उघडला.

मागच्या खेपेला घोटाळा झाला होता. हे नमुने ओले ठेवावे लागतात. वाळले की थराला भेगा पडतात आणि मोजमापाला काडीची किंमत राहत नाही. नवऱ्यानं नमुन्यांच्या सगळ्या डब्या एकदम उघडून ठेवल्या आणि जेवायला निघून गेला. यंत्रावरचे दोन दिवस वाया गेले. चूक माणसाच्या हातूनच होते, म्हणून तिनं एका शब्दानं बोल लावला नव्हता. अहवालात लिहिलं होतं, ‘नमुने तयार करताना सहकारी संशोधिकेकडून हलगर्जी झाली.’ शेजारी तिचं नाव, आडनावासकट. तीन अर्ज, तीन अहवाल, आणि तिचं नाव एवढ्या एकाच जागी! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घर प्रयोगशाळेच्या मागेच होतं. दुपारी जेवताना तिनं तो कागद नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवला. तो काही दुष्ट माणूस नव्हता. असता तर बरं झालं असतं, भांडायला सोपं. त्यानं वाचलं, मान खाली घातली आणि समजूत काढायच्या सुरात म्हणाला, “अगं, कुणाचं तरी नाव घालावंच लागतं. नाहीतर मला पुन्हा वेळ दिला नसता. तू घरचीच, म्हणून तुझं घातलं. परक्याचं कसं घालणार?”

घरची म्हणे. ऐकलंत ना, वाचकहो? परक्याचं घेतलं तर ती चोरी, आणि घरच्या बाईचं घेतलं तर तो संसार. बाहेर चारचौघांत ताठ मानेनं वावरणारी शहाणीसुरती माणसंसुद्धा हे बोलतात आणि वर दुसरी पोळी मागतात.

सासूबाई समोरच बसल्या होत्या. जन्मभर गणित शिकवलेली बाई. त्यांनी सुनेलाच समजावलं. सासऱ्यांच्या नावावर निघालेल्या पुस्तकातली सगळी गणितं आपणच घातली होती, आपलं काय बिघडलं, असं म्हणाल्या.

“मग आई, ते पुस्तक अजून उशाशी का ठेवता?”

सासूबाईंनी हातातला घास ताटात ठेवला.

तीन वाजता ती विभागप्रमुखांकडे गेली. त्यांच्या मंजुरीशिवाय अर्ज पुढे जात नसे. मुख्य अर्जदार म्हणून तिनं स्वतःचं नाव घातलं होतं. त्यांनी चहा मागवला आणि हसून म्हणाले, “वहिनी, नवरा-बायकोत कसलं आलंय तुझं-माझं?” सरांचं नाव घाला, एका मिनिटात मंजूर करतो, नाहीतर असाच पडून राहील, हेही त्यांनी चहा ओतता ओतता सांगून टाकलं.

मुदत पाचची. नमुने फार तर चार महिने टिकणार आणि पुढची संधी सहा महिन्यांनी. नाव बदलायला अर्धं मिनिट पुरलं असतं. ते पाणी लहान लहान लेकरं पितात, तिथे आपल्या नावाचं काय घेऊन बसायचं, असं तिच्या मनात आलंच. याच विचारानं तिन्ही वेळा तिचा हात धरला होता. या वेळी आपल्या जागेवर परतून तिनं हात टेबलाखाली घेतला आणि बसून राहिली. पाच वाजले, अर्ज आपोआप बंद झाला. वर्षभराची मेहनत मातीत गेली. ती रडली, पण ते रडणं संतापाचं होतं. कुणाची कीव तिला नको होती.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ती समितीला पत्र लिहायला बसली. मागचा अहवाल खोटा आहे, चूक कुणाची आणि कशी झाली, सगळं तारीखवार. नवरा मागे येरझाऱ्या घालत होता. हे पत्र गेलं तर मला त्या इमारतीत कुणी उभं करणार नाही, घराची अब्रू जाईल, असं पुन्हा पुन्हा विनवत होता. तिनं मान वर केली नाही.

सासूबाई आतून आल्या. हातात ते पुस्तक होतं. खुर्ची ओढून त्या सुनेच्या शेजारी बसल्या.

“प्रत्येक डबीवर ‘ओलं ठेवा, एकेकच उघडा’ अशी चिठ्ठी होती,” त्या म्हणाल्या. “बत्तीस चिठ्ठ्या. ह्याच टेबलावर बसून मी चिकटवल्या. लिही तसं.”

“आई, अगं तू तरी…” मुलगा कळवळून म्हणाला.

“आणि साक्षीदार म्हणून माझं नाव घाल. ह्याची आई, त्यांची बायको असलं काही नको. माझं.”

सुनेनं ते नाव लिहिलं. त्या घरात कित्येक वर्षांत ते कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. सासूबाईंनी चष्मा लावला, अक्षर न् अक्षर तपासलं आणि खाली सही केली.