वटवाघळांचा प्रश्न

तिसऱ्या प्रश्नाला तालिबनं बझर दाबला तेव्हा मिसबाला अभिमान वाटला. चौथ्याला दाबला आणि तो अभिमान उतरला.

विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा सप्ताह संपत आला होता आणि त्याची सांगता म्हणून आंतरमहाविद्यालयीन प्रश्नमंजूषेची अंतिम फेरी चालली होती. मोठ्या वाचनकक्षातली टेबलं भिंतीला सारून खुर्च्या मांडल्या होत्या. एरवी या खोलीत पेन खाली पडलं तरी चार माना रागानं वर होतात, आज मात्र लोक खुशाल खोकत होते, पिशव्या चाळवत होते. पुण्यात फुकटच्या कार्यक्रमाला श्रोत्यांची वानवा नसते. कोथरूडहून निवृत्त मंडळी बस पकडून आली होती आणि त्यातल्या प्रत्येकाची खात्री होती, की वयाची अट नसती तर या पोरांचं आज काही खरं नव्हतं.

मिसबा बाजूच्या टेबलापाशी उभी होती. प्रश्नांची पाकिटं एकेक करून पूर्णिमा मॅडमच्या हाती द्यायची, एवढंच तिचं आजचं काम. मॅडम उपग्रंथपाल, बोलायला चतुर, म्हणून प्रश्न विचारायला त्या. पण प्रश्न सगळेच्या सगळे मिसबानं काढलेले. तीन वर्षं ती इथं कंत्राटी सहायक होती आणि तिला कायम करावं अशी शिफारस ग्रंथपाल रावसाहेब जगताप याच महिन्यात करणार होते.

धाकटा भाऊ तालिब स्पर्धेत उतरतोय हे कळल्यावर मिसबानं आपण होऊन साहेबांना जाऊन सांगितलं होतं. साहेब माणूस सरळ, पण बोलणं असं की ऐकणाऱ्यानं नंतर घरी जाऊन रक्त पुसावं. ते म्हणाले होते, "तुम्ही इथं नोकरी करता म्हणून त्यानं घरी बसायचं का? प्रश्न बाहेर जाणार नाहीत, एवढं बोला." ती म्हणाली होती, "नाही जाणार, सर." आणि ती शब्दाला जागली होती. प्रश्न तिनं ऑफिसातच टाइप केले, पाकिटं कपाटात ठेवली, कपाटाची किल्ली स्वतःच्या गळ्यात. घरी एक चिठोरंसुद्धा नेलं नाही.

"युरोपातल्या काही जुन्या ग्रंथालयांत पुस्तकं कणा आत आणि पानांची बाजू बाहेर करून ठेवत. का?" हा तो चौथा प्रश्न.

"कारण ती साखळीनं बांधलेली असायची," तालिब म्हणाला. "साखळी पुठ्ठ्याच्या पुढच्या कडेला असायची. कणा बाहेर ठेवला तर तिचा गुंता झाला असता."

टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवता वाजवता मिसबाचे हात थांबले. हे याला कुठून माहीत, असं तिच्या मनात आलं आणि लगेच उत्तरही आलं. तिनंच सांगितलं होतं. शनिवार पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत, ताटावर बसून, बोंबलाच्या कालवणाबरोबर.

अब्बांच्या, म्हणजे रहीमभाईंच्या घरचा तसा रिवाजच होता. बुधवार पेठेत दिवसभर घड्याळांत डोळे घालून आलेल्या त्या माणसाला जेवताना रडगाणी चालत नसत. महागाई, घरमालक, गुडघे, सगळं जेवणानंतर. ताटावर प्रत्येकानं दिवसभरात कळलेली एक नवी गोष्ट सांगायची. अम्मी, म्हणजे मदिनाबी, बाजारातली सांगत, तालिब कॉलेजमधली आणि मिसबा पुस्तकांतली. खरं तर सगळे मिसबाचीच वाट बघत. तीही दिवसभर काही वाचताना मजेशीर सापडलं की संध्याकाळसाठी राखून ठेवी.

आता खरी गोम इथं होती. प्रश्न काढायला बसल्यावर तिच्याजवळ शेकड्यांनी गोष्टी होत्या. त्यातल्या कुठल्या घ्यायच्या? ज्या ऐकून तालिबचा घास हातात राहिला होता, अब्बांनी चष्मा वर केला होता, अम्मी पदर तोंडाला लावून हसली होती, त्याच तिला सगळ्यांत चांगल्या वाटल्या. त्याच तिनं निवडल्या. आणि हे करताना आपण घरच्या ताटावरून प्रश्न उचलतोय हे त्या शहाण्या मुलीच्या ध्यानीमनीही आलं नाही. दाराला कुलूप घालून किल्ली गळ्यात बांधली आणि खिडकी सताड उघडी.

तिनं घाईनं उरलेले प्रश्न आठवून पाहिले. जुन्या कागदाला व्हॅनिलासारखा वास का येतो, हे सांगितलं होतं. केनियात उंटावरून पुस्तकं नेतात, सांगितलं होतं. काजळ आणि डिंकाची शाई, सांगितलं होतं. शेवटचा तर अम्मीचा इतका लाडका होता, की तिनं तो पुन्हा सांगायला लावला होता.

पाचव्या प्रश्नालाही तालिबचाच बझर वाजला. कागदाच्या वासाचं उत्तर तो धडाधड बोलून गेला. त्यानं मिसबाकडे पाहिलं. त्यालाही कळलं होतं. एकोणीस वर्षांचं पोर ते, त्याचे कान लालबुंद झाले.

पुढच्या प्रश्नापासून त्यानं हात मांडीखाली घातले. उंटाचा प्रश्न समोरच्या संघातल्या उत्कर्षानं सोडवला. शाईचाही तिनंच. कोथरूडच्या कॉलेजची ही मुलगी हुशार होती, पुस्तकं खरोखर वाचून आली होती, आणि तिच्या मागच्या रांगेत त्यांचे संभाजी सर दर उत्तराला मूठ आवळत होते. गुण बरोबरीत आले. तालिबचा जोडीदार समर्थ त्याच्या कानाशी लागला. मिसबाला ऐकू येत नव्हतं, पण काय चाललंय ते दिसत होतं. अरे, असलं सगळं तर तुला ठाऊक असतं, आज तुझं काय बिनसलंय, असंच काहीतरी.

शेवटचं पाकीट मॅडमच्या हाती देताना मिसबानं ते क्षणभर धरूनच ठेवलं. हे पाकीट हरवलं असं सांगावं का? पाणी सांडावं का त्याच्यावर? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं, आणि इथं चोरी तर झालीही नव्हती. निदान तिनं केली नव्हती. निदान मुद्दाम केली नव्हती.

"पोर्तुगालमधल्या एका जुन्या ग्रंथालयात रोज संध्याकाळी जाताना टेबलांवर चामड्याची आच्छादनं घालतात," पूर्णिमा मॅडम वाचत होत्या. "कशासाठी?"

तालिब हलला नाही. समर्थनं त्याच्या पुढ्यातून हात घालून बझर दाबला.

नियम असा, की बझर ज्या संघाचा, उत्तर त्यानं द्यायलाच हवं. समर्थनं तालिबकडे बोट दाखवलं. "हा सांगेल."

तालिब उभा राहिला. "टेबलं..." तो म्हणाला. "टेबलांची लाकडं चोरीला जाऊ नयेत म्हणून."

वाचनकक्षात हशा पिकला. उत्कर्षा म्हणाली, "धूळ बसू नये म्हणून." तेही चूक. मिसबाला हायसं वाटलं. आता एक जादा प्रश्न होईल, तो मॅडम स्वतःच्या मनानं विचारतील आणि सुटलो. पोरानं स्वतःचं हसं करून घेतलं, पण बहिणीचा शब्द राखला. घरी गेल्यावर त्याच्यासाठी काय करू आणि काय नको, असं तिला झालं.

"मग प्रेक्षकांतून कोणी?" मॅडमनी विचारलं. दोघांचंही चुकलं की प्रश्न प्रेक्षकांकडे जातो, ही जुनी पद्धत. बरोबर सांगणाऱ्याला एक पुस्तक भेट. मिसबा ती पद्धत साफ विसरली होती.

चौथ्या रांगेतून मदिनाबी उभ्या राहिल्या.

मुलगा स्पर्धेत आणि मुलगी आयोजनात, म्हणून त्या आज आयुष्यात पहिल्यांदा या इमारतीत आल्या होत्या. इस्त्रीची साडी, डोक्यावर पदर. घरात त्यांची दखनी चाले, पण बाहेरचं मराठी अस्सल पेठेतलं, समोरच्याची खोड काढल्याशिवाय न थांबणारं. आत्ता मात्र त्यांना मुलाचा राग आला होता. सगळं ठाऊक असून पोरगं मठ्ठासारखं उभं होतं आणि लोक त्याला हसत होते.

"तिथं वटवाघळं ठेवलीत की नोकरीला," त्या ठणठणीत आवाजात म्हणाल्या. "पुस्तकातले किडे खातात. आता वटवाघूळ म्हटलं की घाण करणारच, म्हणून टेबलं झाकायची. आणि काय रे तालिब, एवढं कसं आठवलं नाही तुला? जेवताना मिसबानं दोनदा सांगितलं होतं."

टाळ्या सुरू झाल्या होत्या त्या मधेच विरल्या. मदिनाबी हसतमुखानं उभ्याच होत्या.

संभाजी सर उठले. "एक मिनिट. मिसबा म्हणजे या, पाकिटं देतायत त्या? प्रश्न यांनीच काढलेत ना? आणि ही आई आणि तो भाऊ?" ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"सर, काकूंचा काहीतरी गोंधळ होतोय," पूर्णिमा मॅडम पटकन म्हणाल्या. त्यांच्या बाजूला भेटीचं पुस्तक होतं, ते त्यांनी हलकेच मागे सारलं. "कुठं पेपरात वाचलं असेल, टीव्हीवर पाहिलं असेल. घरी कोणी सांगितलं असं वाटतं माणसाला."

पहिल्या रांगेतून रावसाहेब जगतापांनी मान वळवली. "मिसबा, तुम्ही घरी हे सांगितलं होतं?"

त्यांनी विचारलं ते सगळ्यांसमोर, पण आवाजात धार नव्हती. उत्तराची वाट त्यांनीच साफ करून ठेवली होती. नाही म्हणायचं. एक शब्द. झाकली मूठ सव्वा लाखाची. मॅडम सांभाळून घेत होत्या, साहेब सांभाळून घ्यायला तयार होते, तीन वर्षांचं काम पदरात पडायला एवढा एकच शब्द हवा होता. मिसबा टेबलावरची रिकामी पाकिटं सारखी करू लागली.

तोवर मदिनाबींनी मुलीचा चेहरा पाहिला होता. काय झालंय ते त्यांना नीटसं कळलं नसेल, पण पोरगी बुडतेय आणि आपल्या बोलण्यानं बुडतेय, एवढं कळायला आईला पुस्तकं लागत नाहीत.

"हो, हो, माझाच गोंधळ झाला," त्या म्हणाल्या. मघाचा ठणठणीत आवाज कुठल्या कुठे गेला होता. त्यांनी पदर पुढे ओढला आणि चारही बाजूंना हात जोडले. "मिसबानं काही सांगितलं नाही. ती घरी बोलतच नाही कामाचं. मी अडाणी बाई, मला काय कळतंय त्यातलं? ऐकलं असेल कुठंतरी. माफ करा साहेब."

कोणीतरी मागून "बसा बाई, बसा," म्हणालं. कोणीतरी समजूतदारपणे हसलं. तेवढ्यावर सगळं मिटलंही असतं. संभाजी सर खांदे उडवून बसायला लागले होते.

मिसबाला त्या हसण्याची चीड आली. दोन खोल्यांच्या घरात तिची प्रत्येक गोष्ट कान देऊन ऐकणारी, अडेल तिथं उलट प्रश्न विचारणारी, वटवाघळांना पगार काय देतात असं विचारून अब्बांना ठसका लावणारी ही बाई. आणि ती आज भरल्या सभेत म्हणत होती, मला काय कळतंय.

ती माइकपाशी गेली.

"अम्मीचा गोंधळ झालेला नाही, सर," ती म्हणाली. "मी सांगितलं होतं. हेच नाही, बहुतेक सगळेच प्रश्न. जेवताना गोष्टी म्हणून सांगितले आणि घरच्यांना आवडले तेच नंतर प्रश्न म्हणून घेतले. माझ्या लक्षात आलं नाही. तालिबला इथं बसल्यावर कळलं, म्हणून तो गप्प बसला आणि आत्ताचं उत्तरही त्यानं मुद्दाम चुकवलं. त्यांच्या संघाचे गुण धरू नका."

यानंतर जे व्हायचं ते झालं. करंडक उत्कर्षाच्या संघाला मिळाला. तिनं तो असा घेतला की जणू दुसऱ्याच्या घरचं भांडं परत न्यायचंय. समर्थ तालिबशी न बोलता निघून गेला. मंडळी बाहेर पडता पडता, आमच्या वेळी असं नव्हतं, यावर एकमत करून गेली.

खुर्च्या उचलायला सुरुवात झाली तेव्हा रावसाहेब मिसबापाशी आले. "मॅडम बोलल्या होत्या. तुमच्या मातोश्रीही बोलल्या होत्या. माझं काम सोपं झालं होतं."

"हो, सर."

"आता मला वर विचारतील, प्रश्न फोडलेल्या माणसाची शिफारस कुठल्या तोंडानं करता. मी काय सांगू?"

"करू नका, सर."

रावसाहेबांना वाईट वाटत होतं आणि ते लपवणं त्यांना जमत नव्हतं. "महिनाअखेरपर्यंत या," ते म्हणाले आणि आपल्या खोलीकडे वळले.

बाहेर पायऱ्यांवर मदिनाबी आणि तालिब थांबले होते. तालिब खाली मान घालून रिक्षा बघायला गेला. महिनाअखेरपर्यंतच यायचंय हे मिसबाकडून कळताच मदिनाबी तिच्यावर उखडल्या.

"मी मिटवलं होतं ना? गेली ना नोकरी? कशाला तोंड उघडलंस?"

"तू म्हणालीस, तुला काही कळत नाही."

"मग? बोलायला काय जातं माझं? लोक तसंही तेच समजतात."

"म्हणूनच, अम्मी."

मदिनाबींनी पदर सारखा केला, रस्त्याकडे पाहिलं, पुन्हा मुलीकडे पाहिलं. मग जरा दबकत, कोणी ऐकत तर नाही ना अशा बेतानं विचारलं, "पण उत्तर बरोबर होतं ना माझं?"

"एवढ्या सगळ्या लोकांत तुझं एकटीचंच बरोबर होतं," मिसबा म्हणाली.

तेव्हा कुठं मदिनाबींना रडू फुटलं.