माझं चिकटलेलं पान

मी सम्यकची इंग्रजीची वही बोलतेय. शहागंजातल्या दुकानातून त्यानं मला घेतलं, तेव्हा दुकानदारानं विचारलं, "धाकट्या भावासाठी का?" एकवीस वर्षांच्या सम्यकनं खाली बघतच पैसे मोजले.

नववीतच त्याची शाळा सुटली होती. पडेगावात तो आईजवळ, गोजरबाईजवळ, राहायचा आणि वाळूजच्या एका कारखान्यात माल उचलायचा. "दहावी हो, मशीनवर घेतो," असं साहेब म्हणाले, म्हणून बाहेरून परीक्षेला बसायला त्यानं सतरा नंबरचा फॉर्म भरला. बाकी विषय निघाले; इंग्रजीत मात्र तो दोनदा राहिला. क्रियापदापुढं 'ऑन' लावायचं का 'टू', तिथंच त्याचं घोडं अडायचं. साहेब आता आणखी एकच परीक्षा थांबणार होते.

त्यानं माझ्या पानांवर मधोमध रेघ मारली. डावीकडं क्रियापद, उजवीकडं त्याची जोडी. सगळं मराठी अक्षरांत, कारण विचारणार होती गोजरबाई. ती विहारातल्या वर्गात मराठी वाचायला शिकली होती.

एक भाकरी तव्यावर टाकली की गोजरबाई तळहातानं माझी उजवी बाजू झाकायची.

"डिपेंड?"

"टू."

"ऑन. सगळ्यालाच टू लावतो का रं? सगळ्या भाज्यांत कूट टाकल्यावानी."

"आई, तुला अर्थ तरी माहितीय का?"

"अर्थाचं तुझं तू बघ. जोडी मला पाठ हाय."

मला ती वेळ फार आवडायची. माझ्या कागदाला ज्वारीचा वास लागला होता. पण एकदा ओल्या पिठाचं बोट लागलं आणि माझी दोन पानं चिकटली. वाळल्यावर ती एकच जाड पान वाटायची. त्यांच्यात अकरा जोड्या झाकल्या गेल्या. मला कळत होतं, पण सांगणार कशी?

पेपर देऊन आल्यावर सम्यक म्हणाला, "काही जोड्या आपण केल्याच नव्हत्या, आई."

गोजरबाईनं माझं पान न् पान चाळलं. जाड पान बोटाला लागलं. पाण्याचं बोट फिरवून तिनं ते सोडवलं, आत वाचलं आणि कडेचं पीठ नखानं खरवडलं.

"माझ्याच हाताचं पीठ हाय हे."

"जाऊ दे ना, आई."

"कसं जाऊ दे?"

निकालापर्यंत तिनं मला हात लावला नाही.

इंग्रजीत छत्तीस पडले. "लागत होते पस्तीस. एक जास्तच हाय," सम्यक म्हणाला. गोजरबाई पदरानं माझं कव्हर पुसत राहिली.

आता तो मशीनवर आहे. पाळीवरून येतो, जेवतो, झोपतो. मी फळीवर असते. दुपारी गोजरबाई मला काढते, उजवी बाजू झाकते आणि हळूच विचारते, "लिसन?" घरात कुणी नसतं. मग हात उचलून ती स्वतःच वाचते.

सम्यक, एखाद्या रविवारी चुलीपुढं बस. दोन-चार उत्तरं मुद्दाम चुकव. तिला तुझ्यावर ओरडू दे.