राखून ठेवलेली वीस मिनिटं

लक्ष्मीपुरीतल्या दुरुस्तीवाल्या दस्तगीरचा लौकिक असा, की त्यानं उघडलेलं यंत्र एक तर चालतं, नाहीतर पुन्हा कुणाच्याच हाताला येत नाही. तरीही रत्नव्वा आपला टीव्हीच्या डिशचा रेकॉर्डर टॉवेलात गुंडाळून त्याच्याकडंच घेऊन आल्या.

“एक तारखेपास्नं कंपनी हा जुना बॉक्स बंद करणार हाय,” त्या म्हणाल्या. “मग आतलं रेकॉर्डिंगबी उघडायचं न्हाय म्हणं. ह्यात आमच्या मालकांचा आवाज हाय.”

मालक म्हणजे पंचाक्षरी, कुस्तीच्या मैदानात माइकवरून पैलवानांची सात पिढ्यांची कुळी सांगणारा माणूस. तीन वर्षांपूर्वी एक मैदान टीव्हीवर लाइव्ह दाखवलं, तेवढं ह्यात उतरलं होतं. त्यानंतर दोन महिन्यांत पंचाक्षरी गेले.

“शेवटची वीस मिनिटं मी ऐकल्याली न्हाईत. राखून ठेवल्यात. ती संपली की त्यांचं नवं कायबी उरत न्हाय. तुम्हीबी ऐकायची न्हाईत.”

“अल्लाची शपथ, अक्का.”

बॉक्स चालू झाला की आधी कंपनीची परवानगी मागायचा. आतल्या प्रोग्रॅममधून हे मागणंच काढून टाकायचं होतं. दस्तगीरनं भंगारातून तसलेच दोन बॉक्स आणून हात बसवून घेतला. पहिला कायमचा गप्प झाला. दुसरा नुसती तारीख दाखवायला लागला, तीही १९७०ची. नवव्या दिवशी त्यानं छातीवर दगड ठेवून रत्नव्वांचा बॉक्स उघडला, आणि तो चालला!

रत्नव्वा आल्या. पडद्यावर मैदान उभं राहिलं, पंचाक्षरींचा आवाज घुमला. दस्तगीर हरखून गेला. कॅसेटच्या काळापासून दुरुस्ती झाली की टेप शेवटपर्यंत पळवून गिऱ्हाइकाला दाखवायची त्याची रीत. तीस वर्षांची सवय अंगठ्यात मुरलेली. शपथ आठवायच्या आत अंगठ्यानं पुढं पळवायचं बटण दाबलं, आणि रेकॉर्डिंग थेट शेवटाला जाऊन पोचलं.

“दारात निळी स्कूटी कुणाची हाय?” पंचाक्षरी शेवटच्या मिनिटाला माइकवर ओरडत होते. “पैलवानांची वाट अडवलीया! काढा ती आधी... आरं, थांबा. ती आमचीच हाय की. बायको न्यायला आलीया. सांगा तिला कुणीतरी, थांब म्हणावं. आलोच.”

पडदा काळा झाला. तीन वर्षांपूर्वी त्या क्षणी रत्नव्वा मैदानाच्या दारात गाडी लावून मंडईत वांगी निवडत होत्या. हा निरोप त्यांना कुणीच दिला नव्हता.

“चुकलं, अक्का,” दस्तगीर म्हणाला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

बाहेर कुणीतरी सारखा हॉर्न वाजवत होतं. दुकानाच्या दारात त्यांचीच स्कूटी आडवी लावलेली होती.

“अक्का, गाडी...”

“बसते जरा,” त्या म्हणाल्या. “थांब म्हणालेत.”

दस्तगीरनं त्यांच्यापुढची किल्ली उचलली आणि स्वतःच जाऊन गाडी बाजूला लावून आला.