जिन्याला कठडा

सगळं सुरू झालं ते गुडघ्यावरून.

चर्चच्या ऑर्गनवाल्या बाई म्हणजे ऑर्गनबाई. खरं नाव लोक केव्हाच विसरले होते आणि त्यांनीही कधी आठवण करून दिली नव्हती. एका दुपारी त्या ऑर्गन ठेवलेल्या सज्ज्यावरचा सराव आटोपून खाली उतरल्या, चर्चच्या ऑफिसातल्या बाकावर गुडघा चोळत मटकन बसल्या आणि कारकूनबाईला म्हणाल्या, "तो जिना आता जिवावर येतो गं माझ्या. एकीकडे भिंत, दुसरीकडे नुसती पोकळी. धरायचं तरी कशाला माणसानं?"

बाईंना कठडा हवा होता. साधा, लाकडी, सुताराच्या अर्ध्या दिवसाच्या कामाचा. पण हवं ते सरळ मागतील तर त्या ऑर्गनबाई कसल्या! दुखणं सांगायचं आणि समोरच्यानं काय ते ओळखावं म्हणून वाट बघत बसायचं, ही त्यांची जन्माची खोड. नवरा होता तोवर खपून गेलं, कारण तो बिचारा ओळखायचा.

कारकूनबाई मनानं अगदी मऊ. तिनं ते फादरांच्या कानावर घातलं, फादरांनी पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या मंडळींच्या. या कानातून त्या कानात जाताना कठडा कुठे गळून पडला कुणास ठाऊक, उरला तो नुसता कळवळा. "बाईंना आता झेपत नाही हो," असं सगळे एकमेकांना म्हणू लागले. बाईंना मात्र कुणी काही विचारलं नाही. चांगल्या कामात विचारायचं काय?

दरवर्षी पॅरिशच्या वार्षिक दिवशी मिस्सा, म्हणजे वेदीवरची उपासना, संपता संपता तिथल्या सेवकांचे सत्कार होत. कुणाची दहा वर्षं भरलेली असत, कुणाची पंचवीस. बाईंची यंदा चाळीस भरली होती. सत्काराचं कौतुक नाही असं दाखवत त्यांनी आदल्या दिवशी ऑर्गनच्या पायपट्ट्या दाबायचे पातळ तळव्यांचे बूट दोनदा पॉलिश केले. त्यांच्याजवळ राहणारी धाकटी नणंद म्हणाली सुद्धा, "वहिनी, लोक तुझा चेहरा बघणार आहेत, पाय नाही."

ऑर्गन वाजवताना वेदीकडे पाठ होते, म्हणून समोर एक आरसा टांगलेला असतो. बाईंनी चाळीस वर्षं सगळी मिस्सा त्या आरशातच पाहिली. तीन फादर आले आणि गेले, सगळे तळहाताएवढे. त्या दिवशीही आरशातले फादर माइकजवळ आले आणि म्हणाले, "चाळीस वर्षं! आणि आता आजपासून आपल्या बाई विश्रांती घेणार आहेत. त्यांनी आपल्यासाठी पुष्कळ झिजवलं स्वतःला. आता आपली पाळी!"

बाईंना आधी वाटलं, दुसऱ्या कुठल्या बाईंचं चाललंय. मग त्या बाकावर गर्रकन वळल्या आणि सज्ज्यावरून ओरडल्या, "नाही हो फादर! मी कुठे म्हटलं असं?"

पण टाळ्या सुरू झाल्या होत्या. सगळं चर्च माना वर करून टाळ्या वाजवत होतं. बाईंचे ओठ हलताना त्यांना दिसले आणि आभार मानताहेत असंच सगळ्यांनी धरलं. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या शिंपिणीनं तर पदर, रुमाल जे हाती लागलं ते डोळ्यांना लावलं. टाळ्या थांबेनात, तेव्हा फादरांनी हात वर केला.

तो हात म्हणजे शेवटच्या गाण्याची खूण. चाळीस वर्षं तो हात वर गेला की बाईंची बोटं खाली यायची, मध्ये विचार करायला जागाच नसायची. आताही त्या आपोआप वळल्या आणि बोटं खाली आली. स्वतःच्याच निरोपाचं गाणं त्यांनी एक सूर न चुकता वाजवलं. निदान तिथे तरी हात आवरायला हवा होता, असं पुढे त्यांच्या किती वेळा मनात आलं.

खाली उतरतात न उतरतात तोच दातांचे डॉक्टर पुढे झाले. स्वभावानं उमदा माणूस, पोट मात्र जरा पुढे. घरी कीबोर्ड वाजवत, आणि पेशंट तोंड उघडून पडलेला असताना त्याला चाली गुणगुणून दाखवत. "तुमची सर मला कुठली यायला!" ते बाईंचे दोन्ही हात धरून म्हणाले. "पण तुमच्या गुडघ्यांकडे बघून तुमच्या जागी वाजवायला हो म्हटलं. रविवार सकाळचे पेशंट बंद करून टाकले." आता या माणसाला काय तोंडानं सांगायचं?

दुसऱ्या दिवशी बाई मनाचा हिय्या करून फादरांकडे गेल्या.

"फादर, मला वाजवायला जमतं अजून."

"जमतंय म्हणून तर! तुम्ही शेवटच्या श्वासापर्यंत वाजवाल, आम्हाला माहीत आहे. पण आम्ही माणसं आहोत की नाही?"

"तसं नाही हो. तो जिना..."

"जिन्याचं नावही काढू नका आता. सुटलात तुम्ही त्या जिन्यातून." फादरांचे डोळे भरून आले. समोरचा माणूस आपल्यासाठी रडत असताना त्याला चुकलास म्हणून सांगायचं, हे बाईंच्यानं कधीच झालं नसतं. त्यांनी चहा घेतला आणि त्या घरी आल्या.

घरात आरामखुर्ची येऊन बसली होती. सगळ्या पॅरिशची भेट. चौघांनी ती आत घेतली होती, दार अरुंद म्हणून दाराची एक फळी उचकटून. कळ दाबली की पाय वर उचलणारी, पाठ मागे नेणारी, आणि इतकी अवाढव्य की खिडकीजवळचं टेबल नणंदेच्या खोलीत गेलं होतं.

"परत पाठवू या का गं?" बाई म्हणाल्या.

"चारशे घरांनी मिळून दिलेली वस्तू? आणि सांगणार काय त्यांना?" नणंद खुर्चीत पाय वर करून पडली होती. "तुला कठडा हवा होता तर कठडा द्या म्हणायचं होतंस, वहिनी. गुडघ्याचं पुराण कशाला लावलंस?"

बाईंना रडू कोसळलं. नणंद गडबडून उठायला गेली, पण खुर्ची लवकर सोडेना.

घरात वाद्य नव्हतं. आजवर कधी लागलंच नव्हतं. रोज दुपारी चर्च रिकामं झालं की बाई सज्ज्याचं दार उघडत आणि वाजवत बसत. जपमाळ हातात घेतली की त्यांचा डोळा लागे, तोंडानं प्रार्थना करायला गेलं की मध्येच स्वयंपाक आठवे. देवाशी आणि गेलेल्या नवऱ्याशी त्यांचं जे काही बोलणं व्हायचं ते त्या बाकावर, बोटांनी. ते गेलं तर मागे काय राहतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. खुर्ची.

सज्ज्याची किल्ली त्यांनी काही दिवस पर्समध्ये दडवून ठेवली. मग कारकूनबाईच घरी आली. "डॉक्टरांना सराव करायचाय ना, म्हणून," ती खाली बघत पुटपुटली. बाईंनी किल्ली काढून दिली. "तुमच्या मनात दुसरं काही नव्हतं ना बाई?" तिनं दारात थांबून विचारलं. बाईंनी तिच्या तोंडाकडे बघितलं, ते आधीच रडवेलं झालं होतं. "छे गं," त्या म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी पाय सवयीनं चर्चकडे वळले. आतून ठोकाठोकीचा आवाज येत होता. सज्ज्याच्या जिन्याशी सुतार गुडघ्यावर बसून शेवटचे स्क्रू पिळत होता. भिंतीच्या समोरच्या बाजूला, खालपासून वरपर्यंत, नवाकोरा कठडा उभा होता.

"डॉक्टर पहिल्याच दिवशी घसरले," सुतार हसत म्हणाला. "फादरांना सरळ सांगितलं, कठडा लावा, नाहीतर मी चढत नाही. फादर म्हणाले, आजच्या आज लाव." त्यानं लाकडाचा भुसा झटकला. "बरं झालं आलात, बाई. जरा धरून चढून बघता? या जिन्याची तुमच्याइतकी माहिती कुणाला?"

बाईंनी कठडा धरला. लाकूड गुळगुळीत होतं, उंचीही त्यांच्या हाताच्या मापाची. त्या चढत गेल्या. गुडघा एकदाही कुरकुरला नाही. वर सज्ज्याच्या दाराला कुलूप होतं. त्या त्याच्यासमोर थोडा वेळ उभ्या राहिल्या.

"कसा आहे?" खालून सुतारानं विचारलं.

"किती सोपं झालं रे चढायला," बाई म्हणाल्या, आणि त्यानं ओळखावं म्हणून थांबल्या.

"होणारच. लाकूड उत्तम घातलंय," सुतार म्हणाला आणि हत्यारं पिशवीत भरू लागला.

बाई कठडा धरून, सावकाश खाली उतरल्या.