शेपटीचं चाक

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या त्या हवाई तळावरची कॅनडाची पोरं जर्मनीवर बॉम्ब टाकायला निघण्याआधी एक विधी चुकवत नसत. विमानात चढण्यापूर्वी सगळ्यांनी शेपटीच्या चाकावर लघवी करायची, म्हणजे विमान परत येतं. पाद्रीबाबांना हे ठाऊक होतं, पण त्यांनी त्यावर कधी प्रवचन झोडलं नाही.

तळाचे नवे प्रमुख, विंग कमांडर हॅलम मात्र नियमांचे पक्के. चाकाचं लोखंड गंजतं म्हणून त्यांनी बंदी घातली, आणि संध्याकाळी स्वतःच विमानांपाशी पहारा द्यायला लागले.

लॉर्न पिकार्ड विमानाच्या शेपटीत बसून मशीनगन चालवायचा. विधी त्याने एकदाच चुकवला होता, आणि नेमकं त्याच रात्री इंजिन पेटलं होतं. आज त्याची ठरलेल्या फेऱ्यांपैकी शेवटची फेरी. परतला की थेट कॅनडातलं सॅस्कॅचेवानचं घर आणि आईचं पीठमाखलं स्वयंपाकघर. त्याला मरायचं नव्हतं, आणि नियम पाळून तर मुळीच नाही.

"एवढं काय तोंड पाडलंयस?" वैमानिक ब्रोडी म्हणाला. "इथूनच थर्मास भरून नेऊ की. सगळे मिळून."

संध्याकाळी लॉर्न थर्मास काखेत मारून बाकीच्यांबरोबर विमानापाशी गेला. चाकाशेजारी हॅलम उभे, तेही उड्डाणाच्या कपड्यांत.

"आज मी येतोय तुमच्याबरोबर," ते म्हणाले. "चहा आहे का रे? घोटभर दे. हात गोठलेत."

ब्रोडीला एकदम पंखाखाली काहीतरी तपासायचं आठवलं.

"हा तुम्हाला चालायचा नाही, सर," लॉर्न म्हणाला.

"तळावरचा चहा रोज पितो मी. दे इकडे."

लॉर्नने आईचा चेहरा आठवला, झाकण काढलं आणि अख्खा थर्मास चाकावर उपडा केला. वाफ उठली. वासाने उरलंसुरलं सगळं सांगून टाकलं.

हॅलमनी वाकून चाकाकडे पाहिलं. आता आपली वरात कोठडीत, असं लॉर्नने धरूनच ठेवलं.

"तुझं एकट्याचं?"

"नाही सर. सातही जणांचं."

"आज आपण आठ आहोत," हॅलम हळूच म्हणाले. "तिकडे तोंड करा सगळे."

त्यांच्या गारठलेल्या बोटांना पँटची बटणं काही सापडेनात. लॉर्नने पाठ फिरवूनच हात मागे केला आणि त्यांनी काढलेले हातमोजे धरायला घेतले.